वालीचं वेळापत्रक आणि केटेची करंगळी

वालबुर्गा श्मेट्सला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस जर्मनीतल्या आखेन शहरात शोधून सापडणार नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांनी घेतलं असेल नाव, तेवढंच. डेपोत, बेकरीत, जिन्यात, सगळीकडे ती वाली. बस डेपोच्या वेळापत्रकाच्या खोलीत तिने अडतीस वर्षं काढली. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी, हे ठरवणारी बाई ती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी बस दोन मिनिटं उशिरा आली की ती ड्रायव्हरकडे अशी बघते की तो बिचारा आपण होऊन माफी मागतो. "बस चुकत नाही, माणूस चुकतो," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून ऐकून तिच्या मैत्रिणींचे कान किटले आहेत.

मैत्रिणी म्हणजे गुरुवारच्या. कोपऱ्यावरच्या बिअरखान्याच्या तळघरात लाकडी चेंडूने नऊ खुंट्या पाडायचा खेळ चालतो. चाळीस वर्षांपूर्वी मंडळ काढलं तेव्हा खुंट्याही नऊ होत्या आणि बायकाही नऊ. खुंट्या अजून नऊच आहेत. बायकांपैकी उरल्या चौघी: वाली, समोरच्या इमारतीतली केटे, खाण्याच्या नावाने जीव टाकणारी रेझी आणि कशातही खोट काढणारी ट्रुडी. चौघींचे नवरेही देवाघरी गेलेले. त्यामुळे बाकी तिघींना वाली उरलेली एकच, आणि तिचं नावही वालीच.

दरवर्षी मे महिन्यात या बायका चार दिवस फिरायला जातात. येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी कायम गुरुवारी येते आणि मधल्या शुक्रवारी निम्मं गाव रजा टाकतं. त्या शुक्रवारला इथे 'पुलाचा दिवस' म्हणतात. गुरुवारच्या काठावरून शनिवारच्या काठावर जायला टाकलेला. लांब कुठे जायचं नसतं. आखेनमध्ये राहणाऱ्याला परदेश म्हणजे गावाबाहेरची शेवटची दोन स्टॉपं. हॉलंडमधलं मास्ट्रिख्ट, बेल्जियममधली ल्युटिश आणि ऑयपेन, की पुन्हा आपल्या घरी. बेल्जियमवाले ल्युटिशला लिएज म्हणतात, त्यांना म्हणू द्या.

तर या वर्षीची गोष्ट. मार्च महिना, वालीचं स्वयंपाकघर. टेबलावर तीन देशांची वेळापत्रकं, दोन रंगांच्या पेन्सिली आणि गेल्या वर्षीचा टंकलेला कागद. वालीचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यात गाडीची वेळ असतेच, शिवाय लघवीला कुठे जायचं, तेही असतं.

"मास्ट्रिख्टला तांदळाचा फ्लाडेन लिहिलास का?" रेझीने विचारलं. खिरीसारख्या घट्ट तांदळाचा तो गोल केक आपलाच म्हणून तिन्ही देश भांडतात, आणि रेझी दरवर्षी तिन्हीकडचा खाऊन निकाल पुढच्या वर्षावर ढकलते.

"लिहिलाय. गुरुवारी तीन वाजता."

"तीन? अगं, एकला पोचणार आपण. दोन तास मी काय हवा खाऊ?"

"दोन तास चाल. वजन काट्यावर मावत नाही तुझं," ट्रुडी म्हणाली. मग जरा घुटमळून तिने खरा विषय काढला. "वाली, केटेचं काय करायचं?"

केटे त्या दिवशी तिथे नव्हती. गेल्या दीड वर्षात केटेची आठवण हळूहळू गळत चालली होती. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग भाचरांची नावं. गेल्या गुरुवारी खेळताना तिने चेंडू हातात घेतला आणि आता याचं काय करायचं, असं सगळ्यांकडे पाहत उभी राहिली. वालीने तिचा हात धरून चेंडू सोडला. सात खुंट्या पडल्या. केटे टाळ्या वाजवत हसली आणि रेझीने खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं.

"काय म्हणजे? येईल," वाली म्हणाली.

"मार्लीस सोडणार नाही तिला."

"मार्लीसशी मी बोलते."

मार्लीस ही केटेची मुलगी. शाळेत मास्तरीण, स्वभावाने सरळ, आणि दीड वर्षात पाच वर्षांनी म्हातारी दिसायला लागलेली. ती म्हणाली, "वालीमावशी, तुमचा जीव आहे आईवर, मला कळतं. पण ती परवा आपल्याच जिन्यात चुकली. परक्या गावात, परक्या भाषेत हरवली तर? मी काय करू?"

"हरवणार नाही. मी जबाबदार."

"आणि हरवलीच तर?"

"तर मी घरी परत येणार नाही," वाली म्हणाली. मार्लीसला हसू आलं आणि रडूही. तिने हो म्हटलं.

वालीने एवढा हट्ट का धरला, हे रेझी आणि ट्रुडी दोघींनाही ठाऊक होतं, आणि ते कोणी बोलून दाखवत नसे. तीस वर्षांपूर्वी वालीचा हुबेर्ट गेला. त्रेचाळीसाव्या वर्षी वालीने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीचे पडदे ओढून घेतले ते घेतलेच. डेपोत जायची, परत यायची, बसून राहायची. लोक आले, फुलं ठेवून गेले, मग येईनासे झाले. केटे मात्र दर गुरुवारी सहा वाजता खाली फुटपाथवर येऊन उभी राहायची. बेल वाजवायची नाही, ओरडायची नाही. खिडकीकडे बघून उजव्या हाताची करंगळी वर करायची.

आता करंगळीचं सांगायला हवं. आपल्याकडे वर्गात पोराने करंगळी वर केली की मास्तर म्हणतात, "जा, पण लवकर ये." आखेनमध्ये करंगळीचा अर्थ 'मी तुझ्याच गावची' असा आहे. या गावात पूर्वी सुयांचे कारखाने होते. ढिगातली खोटी सुई बायका करंगळीने बाजूला सारायच्या. केटेच्या आईने वीस वर्षं तेच केलं. कारखाने गेले, खूण राहिली. आखेनचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही दुसऱ्या आखेनकराला भेटला की आधी करंगळी वर जाते, नमस्कार नंतर.

तर केटे बर्फात करंगळी वर करून दहा मिनिटं उभी राहायची आणि निघून जायची. असे अकरा गुरुवार झाले. बाराव्या गुरुवारी वाली कोट घालून खाली उतरली. का उतरली, हे तिला आजही सांगता येत नाही. केटेने ना विचारपूस केली, ना मिठी मारली. नुसतं म्हणाली, "चल." त्या एका शब्दावर आपण पुढची तीस वर्षं जगलो, असं वाली मनाशी मानते. असं माणूस आयुष्यात मिळायला भाग्य लागतं, आणि ते आपल्याला फुकटात मिळालं, असंही.

म्हणून केटे येणार होती. पण मध्येच माशी शिंकली. केटेच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तारीख मिळाली ती नेमकी स्वर्गारोहणाच्या आठवड्यातली. वालीने कॅलेंडर काढलं, नाकावर चष्मा चढवला आणि तीन आठवडे पुढे बोट ठेवलं. फ्रोनलाइखनाम, ख्रिस्ताच्या देहाचा सण. तीही सुट्टी, तोही गुरुवार, त्यालाही पुलाचा शुक्रवार.

"तीन आठवडे पुढे ढकललं, बाकी सगळं तेच," ती म्हणाली. कागदावर फक्त तारखा बदलल्या. अडतीस वर्षं वेळापत्रकं केलेल्या बाईने केलं, म्हणून कोणी तपासलंही नाही. ट्रुडीनेसुद्धा नाही, आणि हे ती अजून स्वतःला माफ करत नाही.

केटेसाठी वालीने वेगळा कागद टंकला, ठळक मोठ्या अक्षरांत. रोजच्या चार-चार ओळी. सगळ्यात खाली स्वतःचा फोन नंबर, आणि त्याखाली: 'हरवलीस तर आहेस तिथेच उभी राहा. वाली येईल.' घडी घालून तो केटेच्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवला आणि खिसा वरून दोनदा थोपटला.

गुरुवार छान गेला. मास्ट्रिख्टच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण त्यात नवल नव्हतं. आखेनची दुकानं बंद असली की अख्खं आखेन सरहद्दीपलीकडे जाऊन चपला विकत घेतं. केटे खिडकीशी बसली होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तिला झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती, आणि ती दर दहा मिनिटांनी नव्याने सांगत होती, "अगं, पानं बघ गं!" रेझीही दर वेळी नव्याने म्हणत होती, "अय्या, खरंच की!" तीन वाजता फ्लाडेन झाला. केटेने दोन खाल्ले.

शुक्रवारी दुपारी त्या ल्युटिशच्या गाडीत चढल्या आणि वाली दारातच थबकली. दरवर्षी पुलाच्या शुक्रवारी ही गाडी रिकामी असते. आज डब्यात ऑफिसच्या बॅगा होत्या, गळ्यातली ओळखपत्रं होती, चाकांच्या सुटकेसा घेऊन शनिवार-रविवारसाठी घरी निघालेली कॉलेजची पोरं होती. वालीने बॅगेतून वेळापत्रक काढलं. खालच्या बारीक अक्षरांतली सुट्ट्यांची यादी वाचली. पुन्हा वाचली. स्वर्गारोहणाची सुट्टी तिन्ही देशांत असते. फ्रोनलाइखनाम फक्त आपल्याकडे.

"ट्रुडी," ती हळूच म्हणाली, "इथे काल सुट्टी नव्हती. आज पूल नाही. पूल आपल्याच काठावर संपला."

ट्रुडीने तोंड उघडलं, वालीचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ल्युटिशचं स्टेशन म्हणजे भिंती नसलेलं भलंमोठं छत. साडेचारची वेळ. दार उघडलं आणि उतरणाऱ्यांची एक लाट, चढणाऱ्यांची दुसरी. केटेने रेझीची बाही धरली होती. एका सुटकेसचं चाक रेझीच्या पायावरून गेलं, ती कळवळून खाली वाकली, आणि उठली तेव्हा बाही रिकामी होती.

"केटे?"

केटे नव्हती.

वालीने रेझीला घड्याळाखाली उभं केलं, ट्रुडीला एका बाजूला पाठवलं आणि स्वतः जिना उतरून खालच्या बोगद्यात धावली. त्र्याहत्तराव्या वर्षी ती धावली. प्रत्येक फलाटावर वर जा, बघ, खाली ये. पांढरे केस दिसले की जीव भांड्यात पडायचा, आणि ती बाई वळली की पुन्हा बाहेर. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिने वर्दीतल्या माणसाला केटेचं वर्णन सांगायचा प्रयत्न केला. 'निळा कोट' एवढंच आठवलं, आणि त्या फलाटावर निळे कोट पन्नास होते. मार्लीसचा आवाज तिच्या कानात घुमत होता. बस चुकत नाही, माणूस चुकतो. अडतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य आज व्याजासकट परत आलं होतं.

पाऊण तास गेला. धापा टाकत ती ज्या फलाटावर उतरली होती तिथेच परत आली आणि फलाटाच्या पार टोकाला, एका जाड खांबाआड, तिला दोन बायका दिसल्या. एक उंच, ऑफिसच्या कपड्यांतली, हातात छत्री. दुसरी निळ्या कोटातली केटे. दोघींच्या करंगळ्या एकमेकींत अडकवलेल्या होत्या, लहान मुली गट्टी करताना अडकवतात तशा.

"तुम्ही वाली का?" उंच बाई आखेनच्या बोलीत म्हणाली. "मी रूट हामाखर. अहो, किती फोन केले तुम्हाला!"

वालीचा फोन बॅगेच्या तळाशी होता. बॅटरी टिकावी म्हणून बंद.

"या बाई खांबापाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला करंगळी दाखवत होत्या," रूट म्हणाली. "लोक हसत होते, काही रागावतही होते. मी गाडीत चढत होते, सहज नजर गेली. म्हटलं, अगंबाई, ही तर आपली! मग मीही केली वर. यांना तुमच्याकडे न्यावं म्हटलं, तर जागच्या हलायला तयार नाहीत. कागद काढून दाखवला मला. 'आहेस तिथेच उभी राहा,' लिहिलंय म्हणाल्या."

"तुमची गाडी?"

"दोन गेल्या. जाऊ द्या हो. रोजचंच आहे, इथे कामाला येते मी. काल सगळं आखेन पांघरुणात लोळत होतं आणि मी साडेसहाची गाडी पकडत होते, मनातल्या मनात बेल्जियमला शिव्या घालत. आता नाही घालणार."

वाली तिच्याकडे बघत राहिली. पुलाचा दिवस असता तर ही बाई आज या फलाटावर नसती. आपण चुकलो, त्या चुकीनेच केटे हरवली, आणि त्याच चुकीच्या पोटात ही बाई उभी होती. वाली रोज चर्चला जाणाऱ्यांतली नाही, पण त्या क्षणी तिने मान वर करून त्या भल्यामोठ्या छताकडे पाहिलं आणि मनापासून आभार मानले. मग रूटचे दोन्ही हात धरले.

केटे मात्र फुरंगटली होती. "कुठे हरवला होतात तुम्ही सगळ्या?" ती म्हणाली. "मी कागदात लिहिलंय तशी उभी आहे. तुम्हीच पळालात."

"खरं आहे गं," वाली म्हणाली. "कागद मीच मोडला."

हॉटेलात पोचल्यावर वालीने मार्लीसला फोन लावला. लपवालपवी तिला जमत नाही. चूक, गर्दी, पाऊण तास, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू म्हणशील तर आत्ता घेऊन येते तिला."

मार्लीसने विचारलं, "आई आत्ता काय करतेय?"

"फ्लाडेन खातेय. रेझीच्या ताटातला."

"हसतेय?"

"रेझीच्या तोंडाकडे बघून हसतेय."

"मग राहू द्या, मावशी. रविवारीच या. पण फोन चालू ठेवा हो, देवाशप्पथ."

वालीने फोन चालू ठेवला, आणि तो चालू आहे ना, हे दर पाच मिनिटांनी बघत राहिली. शनिवार गेला. रविवारी सकाळी नदीकाठच्या बाजारात ट्रुडीने टोपीच्या दुकानदाराशी भांडण काढलं, रेझीने अंजिरं घेतली, केटेने कोंबडीची पिल्लं पाहिली आणि तिथून हलेचना. मग गाडीने ऑयपेन, तिथला तिसरा फ्लाडेन, आणि घरची बस.

बसमध्ये रेझी आणि ट्रुडी पुढे बसल्या, निकाल कोणाच्या बाजूने लावायचा यावर हुज्जत घालत. वाली केटेशेजारी बसली. बाहेर कुरणं, गाई, मग सरहद्दीवरचं रिकामं जुनं नाक्याचं घर. केटेने खिडकीतून मान वळवली, शेजारी बसलेल्या बाईकडे निरखून पाहिलं आणि अनोळखी माणसाशी बोलतात तशा अदबीने विचारलं, "तुम्ही कुठल्या हो?"

हे कधीतरी होणार, हे वालीला ठाऊक होतं. आज होईल असं वाटलं नव्हतं. नाव सांगावं का? तीस वर्षं सांगावीत? खिडकी, फुटपाथ, बर्फ? तिने उजवा हात उचलला आणि करंगळी वर केली.

केटेचा चेहरा उजळला. "अगंबाई! आपल्याच गावची की!" तिने आपली करंगळी पुढे करून वालीच्या करंगळीत अडकवली. "बरं झालं बाई भेटलीस. मला एकटीला घर सापडत नाही. सोबत जाऊ या?"

बस थांबली. रेझीने आणि ट्रुडीने पिशव्या उचलल्या. थांब्यावर मार्लीस उभी होती, हात उंच करून हलवत.

"चल," वाली म्हणाली.